आईनस्टाईन आणि प्राध्यापकाची ती गोष्ट

गड्ड्याची यात्रा, म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची जत्रा, जवळ आली की आमच्या सोलापुरात एक जुना मेसेज पुन्हा फिरू लागतो. नास्तिक प्राध्यापक विचारतो, देव असेल तर जगात वाईट का? एक विद्यार्थी उठून सांगतो, थंडी म्हणजे उष्णतेचा अभाव, तसं वाईट म्हणजे देवाचा अभाव. प्राध्यापक गप्प. तो विद्यार्थी म्हणे आईनस्टाईन!

असा प्रसंग घडल्याची कुठेही नोंद नाही. आईनस्टाईनने स्वतः लिहिलंय की बाराव्या वर्षीच त्याची धार्मिक श्रद्धा संपली. 1929 साली त्याने तत्त्वज्ञ स्पिनोझाचा देव मानत असल्याचं कळवलं, म्हणजे विश्वाच्या सुसंगतीत दिसणारा, माणसांच्या नशिबात लक्ष न घालणारा. 1954 च्या पत्रात तर देव हा शब्द मानवी दुर्बलतेतून आल्याचं त्याने म्हटलं.

वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव, हा विचार चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीनचा. थंडीचा दाखला बरोबर आहे, पण त्यातून देव सिद्ध होत नाही. तो आहे असं आधीच धरलेलं असतं.

मला या मेसेजचं वाईट वाटतं ते वेगळ्याच कारणाने. यात्रेत पांढरी बाराबंदी घालून जड नंदीध्वज, म्हणजे मानाची उंच काठी, पेलत अडुसष्ट शिवलिंगांच्या प्रदक्षिणेला निघणारा माणूस कुणाकडे पुरावा मागत नाही. 'हर्र बोला हर्र' म्हणताना त्याच्या मनात सिद्धरामेश्वर असतात, प्रयोगशाळा नाही. त्याच्या श्रद्धेला आईनस्टाईनची खोटी सही कशाला हवी?