पेटीतून छातीवर

अपुऱ्या दिवसांचं बाळ जन्मलं की घरी निरोप येतो, ‘बाळाला पेटीत ठेवलंय.’ ही पेटी १८८० च्या दशकातल्या पॅरिसची. स्तेफान तार्निए या प्रसूतितज्ज्ञाला ती सुचली कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र पाहून. पेटीने जीव वाचवले. आई मात्र काचेबाहेर राहिली.

१९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटाच्या माता-बाल रुग्णालयात पेट्याच पुरेनात. एका पेटीत दोन-दोन बाळं, त्यातून जंतुसंसर्ग. काही आया तर बाळ तिथेच सोडून जात. तेव्हा डॉ. एद्गार रेय सानाब्रिया यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर उभं बांधायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी डॉ. हेक्तोर मार्तिनेस त्यांच्या जोडीला आले. अंगावर फक्त लंगोट, टोपी, मोजे. पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला, आणि पोटात आईचं दूध. अशा बाळाची कातडी पातळ, तिच्याखाली चरबी जेमतेम. स्वतःची ऊब त्याला टिकवता येत नाही. कांगारूचं पिल्लूही अर्धवट जन्मून पिशवीत वाढतं, म्हणून नाव पडलं ‘कांगारू मदर केअर’.

युनिसेफने या पद्धतीचा गाजावाजा केला. पण १९८५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शंका उमटली: पहिले धोक्याचे दिवस काढलेलीच बाळं मोजली, तर जगण्याचं प्रमाण चांगलं दिसणारच! शंका रास्त होती. ‘गरिबांची पेटी’ हा शिक्का मात्र नाहक बसला आणि बरीच वर्षं पुसला गेला नाही. बोगोटातच डॉ. नाताली शार्पाक यांनी रीतसर तुलनात्मक चाचण्या केल्या. आपल्याकडे मुंबईच्या शीव रुग्णालयात, जिथे १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू झाली होती, तिथल्या डॉक्टरांनीही ही पद्धत पारखून २००५ मध्ये निष्कर्ष छापले.

तरी नियम एकच होता, आधी बाळ स्थिरावू दे, मग छातीवर. तो २०२१ मध्ये मोडला. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियात १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईजवळ दिलं. २८ दिवसांतले मृत्यू १५.७ वरून १२ टक्क्यांवर आले. चाचणी मुदतीआधीच थांबवली. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना बाळाला रोज ८ ते २४ तास छातीवर ठेवायला सांगते. एवढा वेळ बसायचं तर ओल्या बाळंतिणीला बाळाशेजारी खाट हवी. या चाचणीतल्या दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयाने ती थेट नवजात अतिदक्षता विभागातच टाकली.