ॲक्टिव्ह बेस ट्रॅप

ॲक्टिव्ह बेस ट्रॅप म्हणजे खोलीत घुमत राहणारा खालचा बेस माइक, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर वापरून शोषून घेणारी पेटी. दिसायला सबवूफरच, कोपऱ्यात ठेवायची, प्लगला लावायची, पण तिच्यातून गाणं वाजत नाही, त्यामुळे पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो की ही चालू आहे का.

आधी घुमणं म्हणजे काय ते बघू. पुण्यातल्या कुठल्याही टूबीएचकेचा १० बाय १६ चा हॉल घ्या, वर स्लॅब, चारी बाजूंना प्लास्टरच्या कडक भिंती. १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की ३५ हर्ट्झ येतात, हा लांबीचा पहिला रूम मोड, म्हणजे खोलीच्या मापात नेमका बसून घुमत राहणारा सूर, आणि दुसरा ७० ला. रुंदीचा ५६ ला, आणि स्लॅबपण १० फुटांवर असेल तर उंचीचाही ५६, म्हणजे दोन मोड एकमेकांच्या डोक्यावर. आता बेस गिटारवर काळी एकचा खालचा सा धरा, तो ६९ हर्ट्झला, थेट ७० च्या मोडला जाऊन भिडतो. हॉलच्या मधोमध बसलात तर तो सूर फुगतो, लांबीच्या टोकाच्या भिंतीपासून ४ फुटांवर सरकलात की तोच सूर जवळपास गायब, आणि वाजवणाऱ्याने हात सोडला तरी खोली त्याला सोडत नाही. डग्ग्याचा घुमारा कुठे संपला आणि हॉलचा कुठे सुरू झाला तेच कळत नाही. एवढ्या हॉलमध्ये साधारण २०० ते २५० हर्ट्झच्या खाली सगळा कारभार अशा सुट्या सुट्या मोडचा असतो, या सीमेला श्रोडर फ्रिक्वेन्सी म्हणतात. पेठेतल्या जुन्या वाड्यांत हा त्रास कमी, कारण तक्तपोशी आणि लाकडी पडद्या स्वतःच थरथरतात आणि बेस खातात.

मग लोक इक्वलायझर लावतात. त्याने फुगवटा कापता येतो, पण मुख्यतः एकाच खुर्चीपुरता, आणि खड्डा, म्हणजे सूर गायब होतो ती जागा, तर भरतच नाही, तिथे कितीही पॉवर ओता, खोली तेवढंच रद्द करते. रॉकवूलचं, म्हणजे भिंतीला लावायच्या दगडी लोकरीचं, म्हणाल तर ते हवा जिथे जोरात हलते तिथे काम करतं, आणि भिंतीला चिकटून हवा हलतच नाही, तिथे फक्त दाब असतो. ७० हर्ट्झची पाव लहर म्हणजे ४ फूट. भिंतीवर ४ इंच रॉकवूल लावून या बेसला काही फरक पडत नाही, आणि ४ फूट जाडीचा थर लावायचा तर हॉलमध्ये सोफा कुठे ठेवणार?

ॲक्टिव्ह ट्रॅप नेमका तो दाबच पकडतो. कोपऱ्यात सगळ्याच मोडचा दाब जास्त असतो म्हणून जागा तिथली. माइकला दाब वाढलेला कळला की सर्किट कोन आत ओढतं, दाब कमी झाला की बाहेर ढकलतं, म्हणजे लाटेला तिथे कडक भिंत लागतच नाही. नॉइज कॅन्सलिंग हेडफोनसारखा उलटा आवाज सोडून शांतता करतो असं सगळीकडे सांगतात, ते अर्धवट आहे. शोषण दाब आणि हवेचा वेग या दोघांच्या गुणाकारावर चालतं, त्यामुळे गेन, म्हणजे ॲम्प्लिफायर सिग्नल किती पट वाढवतो ते, वाढवत वाढवत तिथला दाब पूर्ण शून्य केलात तर शोषणही शून्य, लाट नुसती उलटी होऊन परत जाते! म्हणून पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तपकीर गल्लीतून माइक आणि वूफर आणून जोडले की ट्रॅप झाला असं होत नाही, गेन जरा चुकला की फीडबॅकने पेटीच घुमायला लागते. ध्वनिशास्त्रज्ञ सॅबिनने शोषण मोजायला उघडी खिडकी हे माप धरलं होतं, ही पेटी म्हणजे तशी न पाडलेली खिडकी. बाल्कनीचा स्लायडर उघडला की बूम कमी झाल्यासारखी वाटते ती त्यामुळेच, फक्त मग शेजारच्यांचं काय करायचं.

कल्पना जुनी आहे. पॉल लुएगला उलट्या लाटेने आवाज रद्द करण्याचं अमेरिकन पेटंट १९३६ मध्ये मिळालं, आणि १९५३ मध्ये हॅरी ऑल्सन आणि एव्हरेट मे यांनी इलेक्ट्रॉनिक शोषक मांडला, माइक-ॲम्प्लिफायर-स्पीकर हेच त्रिकूट. तयार पेट्यांपैकी बॅग एंडचा ई-ट्रॅप ठरावीक फ्रिक्वेन्सीला ट्यून करावा लागतो, स्विस पीएसआय ऑडिओच्या एव्हीएएला ट्यूनिंग लागत नाही, साधारण १५ ते १५० हर्ट्झ तो आपोआप बघतो, पण एका पेटीलाच लाखाच्या पुढे जातं. जवळचा एक भाऊबंद म्हणजे डबल बेस अरे, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींत सबवूफरच्या दोन रांगा, पुढच्या भिंतीतल्या सबवूफरची लाट मागच्या भिंतीवर पोचते तेव्हा तिथले सबवूफर उलट्या फेजने तिला गिळतात, आपल्या १६ फुटी हॉलसाठी हा उशीर साधारण १४ मिलिसेकंद ठेवावा लागेल.

घेण्याआधी आरईडब्ल्यूसारख्या फुकट सॉफ्टवेअरने मोजून वॉटरफॉल ग्राफ, म्हणजे प्रत्येक सूर किती वेळात विरतो त्याचा आलेख, बघा, शेपटी लांब दिसली तरच उपयोग. आणि हे साउंडप्रूफिंग नाही, गणपतीत खालून ढोलपथक गेलं तर ट्रॅप फार तर हॉलचं स्वतःचं घुमणं आवरेल, ढोल घरात येणारच.