नौकेवरील खोली व वेग संवेदक

नौकेखालील पाण्याची खोली आणि पाण्यातून जाणाऱ्या नौकेचा वेग मोजण्यासाठी तळाला किंवा मागच्या उभ्या फळीला बसवलेले उपकरण. बोलण्यात त्याला नुसते ‘सेन्सर’ किंवा ‘ट्रान्सड्यूसर’ म्हणतात. पुणे परिसरात त्याचे खरे काम खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना यांसारख्या धरणांच्या जलाशयांत असते. येथे दर पावसाळ्यात गाळ येतो आणि पाण्याची पातळी वर्षभरात बरीच वर-खाली होते. त्यामुळे जुन्या नकाशावरची खोली आजची म्हणून धरता येत नाही; ती मोजावीच लागते. पूर्वी हे काम वजन बांधलेल्या, खुणा केलेल्या दोरीने होत असे.

खोली मोजणाऱ्या भागात दाबविद्युत सिरॅमिकची, म्हणजे विजेने कंप पावणारी आणि दाबाने वीज देणारी, चकती असते. ती ध्वनीचा स्पंद खाली सोडते आणि तळावरून परतलेला प्रतिध्वनी टिपते. जाण्यायेण्याच्या एकूण वेळेला पाण्यातील ध्वनिवेगाने गुणून निम्मे केले की खोली मिळते. ५० किलोहर्ट्झचा स्पंद खोलवर पोचतो, तर २०० किलोहर्ट्झचा स्पंद उथळ पाण्यात बारकावा दाखवतो, म्हणून धरणांत दुसराच सोयीचा. वेग मोजणारा भाग म्हणजे पात्यांचे एक छोटे चक्र. त्यात चुंबक बसवलेले असतात आणि चक्र फिरताना मिळणाऱ्या विद्युत स्पंदांवरून वेग काढला जातो. हा वेग पाण्याच्या सापेक्ष असतो. जीपीएस दाखवतो तो जमिनीच्या सापेक्ष. वाहत्या नदीत हे दोन आकडे वेगळे आले, तर तो उपकरणाचा दोष समजू नये.

नौका चालताना संवेदकाच्या तोंडाखालून जाणाऱ्या पाण्यात हवेचे बुडबुडे असता कामा नयेत, ही जागा निवडतानाची पहिली अट होय. बाकीच्या अटी तिच्यातूनच निघतात. तळावरील उंचवट्याच्या, रिबिटांच्या रांगेच्या किंवा पाणी आत घेणाऱ्या छिद्राच्या मागची जागा टाळावी. मागून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरणाऱ्या पंख्याची (प्रोपेलरची) पाती उजवीकडे खाली जातात आणि डावीकडे वर येतात, म्हणून मागच्या फळीवर संवेदक सहसा पंख्यापासून दूर, उजव्या बाजूस बसवतात. त्याचे तोंड तळाच्या किंचित खाली राहावे: फायबरच्या बोटीत साधारण ३ मिलिमीटर, अॅल्युमिनियमच्या बोटीत १० मिलिमीटर. नौका पाण्यात नेहमीसारखी तरंगते त्या स्थितीत ते तोंड समतल हवे आणि ते पाणसळ लावूनच पाहावे; नजरेचा अंदाज येथे फसतो. स्क्रूच्या छिद्रांत सागरी सीलंट भरल्याशिवाय स्क्रू आवळू नयेत, कारण एका कोरड्या छिद्रातून फळीच्या लाकडात मुरलेले पाणी पुढे फळीच कुजवते. केबल इंजिनाच्या तारांपासून दूर न्यावी.

फायबरच्या भरीव तळातून ध्वनी पार जातो, त्यामुळे छिद्र न पाडता संवेदक आतून इपॉक्सीने चिकटवता येतो. मात्र तळाच्या थरांत फोम असेल, तर ही रीत चालत नाही. चिकटवण्यापूर्वी पाण्याने भरलेली प्लास्टिकची पातळ पिशवी तळावर ठेवून तिच्यावर संवेदक टेकवावा आणि आकडा स्थिर येतो का ते पाहावे. अशा बसवणीत वेग मिळत नाही, कारण चक्राला पाण्याचा स्पर्श हवाच.

बसवल्यानंतरचे समायोजन हा या कामाचा गाभा आहे आणि घाईत तोच सुटतो. संवेदक खोली स्वतःच्या तोंडापासून मोजतो. तोंड पृष्ठभागाखाली ४० सेंटिमीटर असेल, तर पाण्याच्या खऱ्या खोलीसाठी तेवढे मिळवावे लागतात. उलट पंखा तोंडापेक्षा ३० सेंटिमीटर खाली उतरत असेल, तर तळाला न घासता जाण्यासाठी तेवढे वजा करावे लागतात. हे अंतर नौकेत नेहमीची माणसे व सामान असतानाच मोजावे. त्यानंतर मोजखुणांच्या साखळीने लोखंडी पत्रा संवेदकाखाली, पाण्याच्या पृष्ठभागापासून २, ५ आणि १० मीटरवर सोडून वाचन तपासतात. प्रत्येक खोलीवर फरक सारखाच आला, तर पृष्ठभागापासूनचे अंतर चुकीचे भरलेले असते. खोलीबरोबर फरक वाढत गेला, तर ध्वनिवेग चुकीचा असतो. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सियसला ध्वनिवेग सेकंदाला सुमारे १,४८२ मीटर असतो. उपकरणात १,५०० भरलेले असल्यास तोंडापासूनच्या १० मीटरला ते १०.१२ मीटर दाखवते. सहलीच्या बोटीला हा फरक किरकोळ आहे. गाळ मोजणाऱ्याला तो परवडत नाही.

वेगासाठी काठावरील दोन खुणांमधले मोजलेले अंतर इंजिनाच्या एकाच गतीने जाऊन-येऊन कापतात. समजा, ५०० मीटरला जाताना २०० सेकंद आणि येताना २५० सेकंद लागले. वेग सेकंदाला २.५ आणि २ मीटर, सरासरी २.२५ मीटर, म्हणजे ताशी ८.१ किलोमीटर. येथे वेगांची सरासरी घ्यावयाची असते, वेळांची नव्हे. प्रवाहाचा परिणाम तरच कटतो. चक्राने याच फेऱ्यांत सरासरी ताशी ७.५ किलोमीटर दाखवले, तर गुणक १.०८ ठेवावा.

जलपर्णीचे धागे चक्राच्या आसाभोवती गुंडाळले की वेग कमी दिसू लागतो व शेवटी शून्यावर येतो. नौका पाण्याबाहेर काढली की चक्र बोटाने फिरवून पाहावे, मऊ ब्रशने धुवावे आणि संवेदकाच्या तोंडावरचा शेवाळाचा थर पुसून काढावा; खरवडू नये. प्लास्टिकला विरघळवणारे थिनर वापरू नये.