तिनाचे सहा झाले म्हणजे नेमके काय झाले?

छोट्या शहरात गेल्या वर्षी रस्त्यावर तीन जण दगावले आणि यंदा सहा, की बातमी ठरलेली: अपघाती मृत्यू दुप्पट. मग बैठक बसते, जबाबदारी कोणाची यावर खडाजंगी होते, दोन-चार ठिकाणी गतिरोधक पडतात, आठवडाभर कागदपत्रांची तपासणी होते. पुढच्या वर्षी आकडा चारावर येतो आणि उपाय लागू पडले म्हणून सगळे सुटकेचा श्वास सोडतात. बातमी खोटी नाही, हिशेबही चुकलेला नाही. तरीही या तिन्ही वर्षांत रस्ते, चालक आणि धोका जिथल्या तिथेच होते, असे असणे सहज शक्य आहे.

क्वचित घडणाऱ्या आणि एकमेकींशी संबंध नसलेल्या घटना ठरावीक काळात किती वेळा घडतील, याचे सूत्र फ्रेंच गणितज्ञ पॉयसन यांनी १८३७ मध्ये मांडले. पुढे १८९८ मध्ये बोर्टकिएविच या अर्थशास्त्रज्ञाने ते प्रशियाच्या सैन्याला लावून पाहिले. विषय जरा विचित्र होता: घोड्याची लाथ बसून मेलेले सैनिक. दहा सैन्यविभागांच्या वीस वर्षांच्या मिळून २०० नोंदी. त्यांतल्या १०९ नोंदींत एकही मृत्यू नव्हता, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन आणि एकीत चार. सूत्र काय सांगत होते? १०८.७, ६६.३, २०.२, ४.१ आणि ०.६. ज्या विभागात एका वर्षी चौघे गेले, तिथल्या घोड्यांना दोष देणारा एखादा अधिकारी तेव्हाही असणारच. पण त्या विभागाचे घोडे अधिक द्वाड होते असे मानण्याची गरज उरली नव्हती. २०० नोंदींत एखादा चौकार निघण्यात नवल नव्हते.

आता हेच सूत्र एका शहराला लावू. समजा, तिथल्या रस्त्यांचा खरा धोका वर्षाला सरासरी चार प्राणघातक अपघातांचा आहे आणि तो अजिबात बदलत नाही. तरी शंभरातल्या साधारण ११ वर्षी आकडा सात किंवा त्याहून वर जाईल आणि ९ वर्षी तो एक किंवा शून्य असेल. दहा वर्षांच्या काळात सात किंवा त्याहून जास्त अपघातांचे एक तरी वर्ष येण्याची शक्यता ६९ टक्के आहे. म्हणजे ‘दशकातले सर्वांत भीषण वर्ष’ हा मथळा काहीही न बिघडता छापायला मिळणार! प्रत्यक्षात मृतांच्या आकड्यातले चढउतार याहूनही मोठे असतात, कारण एकाच धडकेत गाडीतले तिघे-चौघे जाऊ शकतात. म्हणून मृतांपेक्षा प्राणघातक अपघात मोजणे बरे. आणि एका वर्षाऐवजी तीन वर्षांची बेरीज घेतली तर सरासरीच्या निम्म्याइतका असणारा चढउतार तीस टक्क्यांच्या आत येतो.

चौकांची गोष्ट तर आणखी फसवी. शहरात वीस चौक आहेत, सगळे तंतोतंत सारखे धोकादायक, प्रत्येकी वर्षाला सरासरी एक अपघात. वर्षअखेरीस यादी केली तर सातेक चौकांत एकही अपघात नसेल आणि एखाद्-दोन चौकांत तीन किंवा अधिक झालेले असतील. या दोन चौकांना ‘ब्लॅक स्पॉट’ म्हटले जाईल, फलक लागतील, निधीही तिकडेच वळेल. पुढच्या वर्षी तिथले अपघात घटतील, कारण मुळात ते तिथे नशिबाने जमा झाले होते. सांख्यिकीत याला सरासरीकडे परतणे म्हणतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत ते दाखवले होते. अतिशय उंच आईबापांची मुले उंच असतात, पण सरासरीने त्यांच्याइतकी नसतात.

रस्त्यांच्या बाबतीत याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याचे आहे. तिथे १९५५ मध्ये रस्त्यांवर ३२४ माणसे मेली. गव्हर्नर अब्राहम रिबिकॉफ यांनी वर्ष संपता संपता वेगाविरुद्ध कडक मोहीम उघडली आणि भरधाव गाडी हाकणाऱ्यांचे परवाने धडाधड निलंबित होऊ लागले. १९५६ मध्ये मृत्यू २८४ वर आले. चाळीस जीव वाचले, असे जाहीर झाले. डोनाल्ड कॅम्बेल आणि लॉरेन्स रॉस या संशोधकांनी १९६८ मध्ये हा आकडा आधीच्या वर्षांच्या रांगेत ठेवून पाहिला. आलेख दरवर्षी वरखाली होतच होता आणि १९५५ हे त्यातले टोकाचे वर्ष होते. मोहीम सुरू झाली ती नेमकी त्या टोकामुळे. अशा टोकानंतर आकडा खाली येणे हीच जास्त संभवणारी गोष्ट. मोहिमेने काहीच साधले नाही, असा याचा अर्थ नव्हे. पण चाळीसच्या चाळीस जीव तिच्या खात्यावर मांडता येत नव्हते. आणि हे तर तीनशेच्या घरातले आकडे होते, तिना-चारांचे नव्हेत.

छोट्या शहरात हा पेच किती अवघड होतो ते पाहा. समजा, एखाद्या उपायाने प्राणघातक अपघात सरासरी चारावरून तिनावर आले. चारातला एक टळला, म्हणजे उपाय उत्तमच. पण निव्वळ या आकड्यांवरून, नेहमीच्या सांख्यिकी कसोटीला उतरेल अशा रीतीने तो सिद्ध करायचा, तर उपायाआधीची सुमारे २८ आणि नंतरची २८ वर्षे हाताशी हवीत. तोवर रस्ता, गाड्या आणि नगरसेवक, काहीच पूर्वीचे राहिलेले नसते. माझ्या मते छोट्या शहरांच्या रस्ता-सुरक्षेची खरी अडचण हीच आहे: ज्या आकड्याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात, तो वर्षभरात काहीच सांगू शकत नाही.

मग किरकोळ जखमींचे आकडे घ्यावेत? ते मोठे असतात खरे, पण कच्चे असतात. दुचाकीवरून एकटाच घसरून पडलेला माणूस दवाखान्यात जातो, पोलीस ठाण्यात जात नाही. पोलिसांच्या वहीत असे अपघात फार कमी उतरतात. उद्या रुग्णालयाने प्रत्येक जखमीची माहिती कळवायला सुरुवात केली, तर रस्ते तेच राहून ‘जखमींत मोठी वाढ’ दिसेल. मृत्यूची व्याख्यासुद्धा आकडा हलवते. अपघातानंतर ३० दिवसांत मृत्यू झाला तर तो अपघाती धरायचा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. फक्त जागीच गेलेले मोजले, तर तोच रस्ता कागदावर बराच सुरक्षित होतो.

माझा कौल वेगाच्या बाजूने आहे. मृत्यू मोजायला वर्षे लागतात, वेग दुपारभरात मोजता येतो. आणि वेगाचा मृत्यूशी असलेला संबंध आपल्या शहरात नव्याने सिद्ध करावा लागत नाही. तो हजारो रस्त्यांवरच्या माहितीतून आधीच ठाऊक आहे.

या संबंधाच्या मुळाशी साधे भौतिकशास्त्र आहे. रस्त्यावर अचानक कोणी आले, की चालकाच्या ध्यानात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्यात जवळपास २१ मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक लागले तर आणखी १४ मीटर. एकूण ३५ मीटर. आता त्याच ३५ मीटरवर एक मूल आहे आणि गाडी ताशी ६० वर आहे असे धरा. ब्रेक लागायच्या आतच २५ मीटर संपले. उरलेल्या १० मीटरमध्ये वेग ६० वरून किती खाली येईल? फक्त ४२ पर्यंत. पन्नासवाली गाडी जिथे मुलापुढे येऊन थांबते, तिथेच साठवाली ताशी ४२ च्या वेगाने त्याला धडकते. सत्तरवाली तर ६२ ने. ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि गाडी वेग गमावते तो बहुतांशी शेवटच्या काही मीटरांत. ‘दहाने काय बिघडते’ या युक्तिवादात हीच गोष्ट राहून जाते.

धडकेचा वेग वाढला की शरीराची सोसण्याची मर्यादा झपाट्याने संपते. जर्मनीतल्या अपघातांच्या तपशीलवार नोंदींवरून २००९ मध्ये असे दिसले, की ताशी ५० च्या धडकेत पादचारी मरण्याचा धोका ४० च्या मानाने दुपटीहून जास्त आणि ३० च्या मानाने पाचपटीहून जास्त असतो. एकेका धडकेऐवजी सगळ्या रस्त्याचा विचार स्वीडनच्या योरान निल्सन यांनी केला. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघात सुमारे चार टक्क्यांनी वाढतात, असे त्यांचे गणित सांगते. शहरी रस्त्यांवर हा परिणाम थोडा सौम्य असतो, असे पुढच्या अभ्यासांत आढळले. दिशा मात्र तीच राहिली.

वेग मोजायला रडार बंदूक लागतेच असे नाही. रस्त्याकडेला ५० मीटर अंतरावर दोन खुणा करा आणि गाडीला ते अंतर कापायला किती सेकंद लागतात ते बघा. १८० ला त्या सेकंदांनी भागले की ताशी वेग मिळतो: सहा सेकंद लागले तर ३०, साडेचार लागले तर ४०, तीन लागले तर ६०. हातातल्या घड्याळाने थोडी चूक होतेच; तीन सेकंदांच्या जागी ३.२ धरले तर ६० चे ५६ होतात. मोबाइलवर चित्रण करून फ्रेम मोजल्या तर हा प्रश्न बराच मिटतो, कारण सेकंदाला ३० फ्रेम असल्या तर तीन सेकंदांच्या ९० होतात आणि एखादी इकडेतिकडे झाली तरी फरक एका टक्क्याचा. पथ्ये दोनच. मोजणारा चालकांना दिसता कामा नये, नाहीतर सगळे सभ्य होतात. आणि समोर मोकळा रस्ता असलेल्या गाड्याच मोजायच्या, दुसऱ्या गाडीमागे अडकलेल्या नाहीत.

अशा शंभर गाड्या मोजल्या तर सरासरी साधारण एक किलोमीटरच्या फरकाने पक्की होते. रस्ता अरुंद केल्यावर किंवा उंचवटा घातल्यावर पुन्हा शंभर मोजा. सरासरी पाच किलोमीटरने उतरली असेल तर ते नशिबाने झालेले नाही, हे दोन दुपारींत कळते. सरासरीसोबत आणखी एक आकडा पाहावा: शंभर वेग चढत्या क्रमाने लावले की पंच्याऐंशीव्या क्रमांकावर येतो तो. रस्ता चालकाला मनातल्या मनात किती वेग सुचवतो, ते यातून उघडे पडते. फलकावर ४० आणि हा आकडा ६२ असेल, तर फलक मोठा करून काही होणार नाही. रस्त्याची रुंदीच बोलते आहे.

वेगाच्या जोडीला थोडक्यात टळलेल्या धडका मोजता येतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी चौकाचौकांत हे सुरू केले आणि पुढे स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्याला शिस्त आणली. एक पद्धत अशी: पादचारी ज्या बिंदूवरून गेला, तिथे गाडी किती वेळाने पोचली ते पाहायचे. अंतर दीड सेकंदाहून कमी असेल तर तो प्रसंग गंभीर धरायचा. वर्षात एक अपघात होणाऱ्या चौकात असे प्रसंग एका सायंकाळीही नोंदवता येतात. अर्थात, टळलेल्या प्रसंगांचे आणि खऱ्या अपघातांचे प्रमाण सगळीकडे सारखे नसते. दोन वेगळ्या चौकांची तुलना करण्यापेक्षा त्याच चौकाची आधी-नंतर तुलना केली तर हे आकडे अधिक कामाचे.

वर्दळ वाढली म्हणून माणसे मरतात, हा समज मात्र तपासून घ्यायला हवा. २०२० मध्ये साथीमुळे अमेरिकेतली वाहतूक दहाव्या हिश्श्याहून जास्त घटली आणि रस्त्यांवरचे मृत्यू सुमारे सात टक्क्यांनी वाढले. मोकळ्या रस्त्यांवर वेग वाढला होता. गर्दीत पत्रे चेपतात, रिकाम्या रस्त्यावर माणसे मरतात. बायपास झाल्यावर शहरातला जुना महामार्ग ओस पडतो, पण त्याची रुंदी तशीच राहते. हेच तिथेही होऊ शकते.

चौकाचा आकार बदलला तर फरक मोठा पडतो. चार रस्त्यांच्या साध्या चौकात गाड्यांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांना भिडतात. मधोमध गोल बेट घालून राउंडअबाउट केला की एकपदरी रस्त्यांवर ही ठिकाणे आठच उरतात, आणि वळावे लागत असल्याने वेगही आपोआप उतरतो. अमेरिकेतल्या अशा २४ चौकांच्या २००१ मधल्या अभ्यासात जखमी करणारे अपघात सुमारे तीन चतुर्थांशांनी घटलेले दिसले. सरासरीकडे परतण्याचा परिणाम त्यात आधीच वजा केला होता, म्हणून या आकड्यावर माझा भरवसा जास्त.

आणि छोटे आकडेही कधीकधी बोलतात. अमेरिकेतल्या होबोकेन या सुमारे साठ हजार वस्तीच्या शहरात जानेवारी २०१७ नंतर सलग सात वर्षे रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. एखाद्या शहराची सरासरी वर्षाला एक असेल, तर निव्वळ नशिबाने सात वर्षे शून्य राहण्याची शक्यता हजारात एकाहून कमी आहे. सरासरी अर्धी असेल तर शंभरात तीन. होबोकेनने काय केले, तर रस्त्यांचे डांबरीकरण करताना एकेक चौक हाती घेतला आणि कोपऱ्यालगतचे पार्किंग काढले. उभ्या गाड्यांआडून पादचारी आणि चालक एकमेकांना दिसत नव्हते, ते दिसू लागले. रिकाम्या झालेल्या जागेत काही ठिकाणी कोपरे पुढे वाढवले, काही ठिकाणी सायकली लावण्याची सोय केली, म्हणजे तिथे पुन्हा गाड्या उभ्या राहायला नकोत.