चोरबाहुलीचा खडक, सौसरचा गट

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलं की मनसर, चोरबाहुली, देवलापार ही गावं एकामागोमाग येतात. तिन्ही नावं भूविज्ञानाच्या पुस्तकांत आहेत, हे या गावांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

सुरुवात मँगनीजपासून झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इकडे खदानी निघू लागल्या, तेव्हा इथले जुने रूपांतरित (उष्णता-दाबानं बदललेले) खडक सरसकट ‘धारवाड’मध्ये, म्हणजे कर्नाटकातल्या धारवाडवरून नाव मिळालेल्या जुन्या खडकांत, धरले जात. भूवैज्ञानिक लुईस ली फर्मर यांनी मँगनीजवरच्या आपल्या ग्रंथात (1909) इथल्या एका खडकाला गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ नाव दिलं. मनसरकडे त्याचा तुकडा उचलून बघा: आकाराच्या मानानं जड, आत गार्नेट या खनिजाचे बारीक तांबूस दाणे, आणि मँगनीजच्या धातुकाजवळचा (कच्च्या धातूजवळचा) असला तर बोटं काळी होतात. आपल्या मातीतल्या माणसांचं नाव जगभरच्या खडकांना लागलं, याचा मला मनापासून अभिमान आहे.

पुढे हे खडक धारवाडातून बाजूला काढून त्यांची, सौसर गावाच्या नावानं, ‘सौसर माला’ (एकत्र धरलेल्या थरांचा संच) झाली. सौसर आज मध्य प्रदेशात असलं तरी तिथं मराठी बोलली जाते.

खरी अडचण थरांच्या क्रमाची होती. वरचा थर नवा, खालचा जुना, हा साधा नियम इथं चालत नाही. भूवैज्ञानिक डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी 1936 मध्ये दाखवून दिलं, की देवलापारला खडकांची आख्खी चादर दाबाखाली सरकून दुसऱ्या खडकांवर जाऊन बसली आहे. मग आधी लावलेला क्रम पुन्हा तपासणं भागच होतं.

1963 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नारायणस्वामी आणि सहकाऱ्यांनी थरांची नवी मांडणी केली; त्यात प्रत्येक थराला एखाद्या गावाचं नाव आहे. तळाशी भंडारा जिल्ह्यातली सीतासावंगी. तिच्यावर लोहांगी, मनसर, चोरबाहुली, जुनेवाणी आणि शेवटी बिचुआ. मनसर थरात अभ्रकी शिस्ट (पापुद्रे सुटणारा खडक) आणि मँगनीज, चोरबाहुलीत क्वार्ट्झाइट (वाळूच्या खडकापासून बनलेला कठीण खडक), बिचुआत डोलोमाइटी (मॅग्नेशियमयुक्त) संगमरवर. ‘माला’ जाऊन ‘गट’ हा शब्दही नंतर रुळला.

या फेरमांडणीत उतेकाटा आणि कडबीखेडा ही जुनी नावं लोहांगीत विलीन झाली. शास्त्राच्या दृष्टीनं ते योग्यच, कारण ते वेगळे थर नसून एकाच काळातले वेगवेगळे खडक ठरले. पण जुना नकाशा आणि नवा शेजारी ठेवून वाचणाऱ्यानं ही दोन नावं लक्षात ठेवावीत, नाहीतर तोच खडक दोनदा मोजला जातो. चोरबाहुलीच्या नावाचंही ध्यानात ठेवावं: पुस्तकांत ती ‘चोरबावली’ म्हणून सापडते.