फॉर्मवर ‘निनावी’ लिहिलंय की ‘गोपनीय’, आधी ते बघा

परवा मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर लिंक टाकली, बायकांशी नातं असलेल्या बायकांच्या लैंगिक आरोग्यावर सर्व्हे आहे, दहा मिनिटं लागतात, पूर्ण निनावी आहे, भर गं. मी आणि माझी पार्टनर सोफ्यावर बसून भरायला घेतला, अंगावरून पांढरं जातं का, टॉय शेअर करता का, डॉक्टरला कधी खरं सांगितलंत का वगैरे सगळं मनापासून भरलं आणि एकदम तळाला काय, तर व्हाउचर हवं असल्यास मोबाईल नंबर टाका. ही म्हणाली, अगं मग निनावी कसलं डोंबलाचं?

फॉर्म बनवणाऱ्यांच्या मनात काही वाईट असेल असं मला वाटत नाही, त्यांना म्हणायचं होतं गोपनीय आणि लिहिलं निनावी. हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण आपल्यापैकी जिचं घरी, ऑफिसात अजून कुणाला माहीत नाही तिला हा घोळ महागात पडू शकतो.

निनावी म्हणजे उत्तर कुणाचं ते संशोधकालाही माहीत नाही, उद्या त्याने मनात आणलं तरी शोधता येणार नाही. गोपनीय म्हणजे त्यांना तुम्ही कोण ते पक्कं माहीत आहे, फक्त कुणाला सांगणार नाही असा शब्द दिलाय. तुमच्या उत्तरांवर नावाऐवजी कोड नंबर असतो, आणि कोणता कोड कोणाचा ही यादी वेगळी कुलुपात. यादी आहे म्हणजे किल्लीही कुणाकडेतरी आहेच.

आता वाटेल की मग निनावीच बरं. मलाही आधी तसंच वाटायचं.

आपल्याकडचं खऱ्या निनावीचं उदाहरण म्हणजे एचआयव्हीचं प्रमाण मोजायची जुनी सरकारी पद्धत. गरोदर बायकांचं सिफिलिसच्या तपासणीसाठी घेतलेलं जे रक्त उरायचं त्यावरचं नाव काढून टाकायचं आणि मग ते तपासायचं, एका केंद्रावर 400 नमुने. कुणाचं नाव फुटायची भीतीच नाही, पण त्यातला एखादा पॉझिटिव्ह निघाला तर त्या बाईला त्या तपासणीतून कळवणार कसं? रक्त कुणाचं तेच माहीत नाही. म्हणजे स्वॅब किंवा रक्त देणार असाल आणि कुणी ‘निनावी’ म्हणालं तर खूश होऊ नका, रिपोर्ट मिळणार का ते विचारा.

दुसरीकडे ऑस्ट्रेलियात एक अभ्यास झाला, बायका पार्टनर असलेल्या बायकांमध्ये बॅक्टेरियल व्हजायनोसिस नव्याने का होतो ते बघायला (तो माशासारखा वास आणि पातळ स्राव, ज्याला आपण ‘उष्णता झालीय’ म्हणून सब्जा पीत बसतो, तोच). 298 बायका, दर तीन महिन्यांनी स्वतःच घेतलेला स्वॅब, असं जास्तीत जास्त दोन वर्षं. त्यात 51 जणींना तो नव्याने झाला, आणि नवीन पार्टनर आली असेल किंवा पार्टनरला आधी कधी झाला असेल तर शक्यता वाढते असं दिसलं. हे निनावी करताच आलं नसतं, जानेवारीतला स्वॅब आणि एप्रिलमधला स्वॅब एकाच बाईचा आहे हे कळल्याशिवाय ‘नव्याने झाला’ म्हणणार कशाच्या जोरावर? डॉक्टर आपल्याला ‘लग्न झालंय का’ विचारतात आणि नाही म्हटलं की फाईल बंद करतात, अशा वेळी हाताशी येणारी माहिती बरीचशी अशा नाव-पत्ता देऊन टिकून राहिलेल्या बायकांमुळेच आहे.

त्यामुळे माझं मत, एकदाच भरायचा सर्व्हे असेल तर निनावीच मागा, आणि स्वॅब, रक्त, पुन्हापुन्हा येणारे फोन असलं काही असेल तर गोपनीय, पण नीट चौकशी करून.

निनावी आहे का ते तपासायला फार हुशारी लागत नाही. गुगल फॉर्म असेल तर वर तुमच्या ईमेलपाशी बघा, तो शेअर होत नाही असं लिहिलेलं असतं, किंवा मग सबमिट केल्यावर नोंदला जाईल असं. फोटो किंवा रिपोर्ट अपलोड करायला सांगितलं तर तुमच्या गुगल अकाउंटचं नाव जातंच, तिथे निनावी संपलं. आणि नाव नाही विचारलं तरी प्रश्नांवरून माणूस सापडतो, हे फार जणींच्या लक्षात येत नाही. समजा तालुक्याचं गाव, वय 34, नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स, पार्टनर बाई. पुण्या-मुंबईत चालून जाईल, पण तालुक्याच्या गावात अशा किती जणी असणार? मी गावाच्या जागी जिल्हा लिहिते आणि वयाच्या जागी ‘तिशीत’, आणि पर्याय नसेल तर तो प्रश्न सरळ सोडते.

अजून एक, मन बदललं तर? गोपनीय अभ्यासातून मधेच बाहेर पडता येतं, कारण द्यावं लागत नाही, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत तसा हक्कच आहे. तुमचा कोड असल्यामुळे तुमची उत्तरं शोधून काढता येतात, फक्त आधी दिलेल्या माहितीचं काय करणार हे सही करण्याआधी विचारून घ्या. निनावी फॉर्म एकदा सबमिट केला की गेला, नंतर रडून उपयोग नाही.

गोपनीयतेलाही हद्द असते. एथिक्स कमिटी (अभ्यास नीट चाललाय ना ते बघणारी समिती) कागद तपासू शकते, कोर्टाने मागितले तर द्यावे लागू शकतात, आणि अठरा वर्षांखालच्या मुलीवरच्या किंवा मुलावरच्या लैंगिक अत्याचाराचं काही बोलण्यात आलं तर पॉक्सो कायद्याने कळवावंच लागतं. जोडीने भाग घेत असाल तर तुमचा रिपोर्ट पार्टनरला सांगणार का, हेही आधीच विचारा. आम्ही दोघींनी एका अभ्यासात भाग घेतला तेव्हा हे विचारलं, तर समोरची ताई जरा गोंधळली, मग आत जाऊन विचारून आली, नाही सांगणार म्हणाली. माझी पार्टनर शेजारीच बसलेली, त्यामुळे आम्हाला दोघींना हसू आलं.

आणि माझी गोपनीयता फुटली ती त्या अभ्यासवाल्यांकडून नाहीच. संमतीपत्राची एक प्रत सही करून आपल्याला देतात, ती मी घरी आणून कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. दिवाळीच्या साफसफाईत आईच्या हाताला लागली. मराठीतच होती, ‘स्त्री जोडीदार असलेल्या स्त्रिया’ असं वरच ठळक अक्षरात. आई काही बोलली नाही, घडी घालून परत होती तिथे ठेवली, पण वर्तमानपत्राच्या ज्या कागदात गुंडाळली तो त्याच आठवड्याचा होता, त्यावरून मला कळलं. आता मी प्रतीचा फोटो काढते, लॉक असलेल्या फोल्डरमध्ये टाकते आणि कागद त्यांच्याकडेच ठेवायला सांगते.