क्लाड्नी आकृती

कंप पावणाऱ्या पातळ पट्टिकेवर किंवा ताणलेल्या पडद्यावर वाळू पसरली असता ती निस्पंद रेषांवर, म्हणजे कंपन जवळजवळ शून्य असलेल्या रेषांवर, गोळा होऊन जी आकृती उमटते ती. जर्मन भौतिकीविज्ञ एर्न्स्ट फ्लोरेन्स फ्रीड्रिख क्लाड्नी (१७५६–१८२७) यांच्या नावावरून ही संज्ञा रूढ झाली.

प्रयोगासाठी पितळेची किंवा काचेची पट्टिका मध्यभागी आवळून बसवतात, तिच्यावर कोरडी वाळू भुरभुरवतात आणि राळ लावलेला व्हायोलिनचा गज तिच्या कडेवरून उभा ओढतात. चौरस पट्टिकेच्या एका बाजूचा मध्य बोटाने दाबून कोपऱ्याजवळ गज चालवला, तर बाजूंना समांतर अशी अधिक चिन्हासारखी फुली उमटते. उलट कोपरा दाबून बाजूच्या मध्यावर गज चालवला, तर वाळू दोन्ही कर्णांवर जाऊन बसते आणि स्वर चढा येतो. बोट जेथे टेकते तो बिंदू स्थिर राहतो आणि गज जेथे फिरतो तेथे कंपन जास्तीत जास्त असते. प्रयोग करणाऱ्याच्या हातात एवढेच असते. बाकीची आकृती पट्टिकेचा आकार, जाडी, द्रव्य आणि आधार यांवरून ठरते. म्हणून तोच स्वर दुसऱ्या पट्टिकेवर वेगळी आकृती काढतो. लोकप्रिय लेखनात या आकृत्यांना ‘ध्वनीचे रूप’ म्हटले जाते, ते या कारणाने नेमके नाही.

अग्रक्रमाचा प्रश्न : या शोधाचे श्रेय कोणाचे, याविषयी मतभेद आहेत. काही लेखक ते गॅलिलीओपर्यंत मागे नेतात. १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दोन नव्या विज्ञानांवरील त्याच्या संवादात पितळी पत्रा लोखंडी छिन्नीने खरवडताना शीळ ऐकू आली आणि पत्र्यावर समांतर, समान अंतरावरच्या बारीक रेघा दिसल्या, असे वर्णन आहे. स्वर चढा तेवढ्या रेघा दाट; पंचमाचे अंतर असलेल्या दोन स्वरांच्या वेळी तेवढ्याच जागेत एकदा ४५ व एकदा ३० रेघा भरल्या. मात्र ४५ : ३० म्हणजे ३ : २, आणि हे त्या स्वरांच्या कंप्रतांचेच (दर सेकंदाच्या कंपनसंख्यांचेच) गुणोत्तर आहे. पट्टिका वाकून कंप पावते तेव्हा कंप्रता ढोबळमानाने निस्पंद रेषांच्या संख्येच्या वर्गानुसार वाढते, त्यामुळे त्या रेघा निस्पंद रेषा असत्या तर कंप्रतांचे गुणोत्तर ९ : ४ च्या आसपास यायला हवे होते. रेघा थरथरणाऱ्या छिन्नीनेच उमटवल्या, हे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते. तसे असेल तर गॅलिलीओचे निरीक्षण कंप्रता मोजण्याच्या इतिहासात पडते, या आकृत्यांच्या नव्हे.

इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुकचा दावा याहून बळकट आहे. त्याने काचेवर पीठ पसरून कडेवरून गज ओढला व पिठाच्या आकृत्या पाहिल्या. यासाठी सामान्यतः ८ जुलै १६८० ही तारीख दिली जाते. ती इंग्लंडमधील तत्कालीन जुन्या पंचांगानुसार असल्यास आजच्या गणनेने १८ जुलै येते. परंतु हुकने या निरीक्षणातून पद्धत उभी केली नाही. क्लाड्नीला ही कल्पना सुचली ती जर्मन भौतिकीविज्ञ लिख्टेनबर्गच्या आकृत्यांवरून (१७७७). विद्युत् भारित राळेवर धूळ टाकून त्या मिळत. आकृत्यांचे वर्गीकरण करून त्या स्वरांशी जोडण्याचे काम क्लाड्नीने १७८७ च्या ग्रंथात केले, म्हणून त्याचे नाव योग्यच आहे. वर्तुळाकार पट्टिकेवर m व्यासरेषा आणि n वर्तुळे उमटत असतील, तर कंप्रता सुमारे (m + 2n)² च्या प्रमाणात असते, हा नियमही त्याचाच.

गणिती बाजू : क्लाड्नीला विद्यापीठात पद मिळाले नाही. यूफोन व क्लाव्हिसिलिंडर ही स्वतःची वाद्ये आणि पट्टिका घेऊन तो युरोपभर प्रात्यक्षिके करीत हिंडला. पॅरिसमध्ये नेपोलियनपुढे झालेल्या प्रात्यक्षिकानंतर या कंपनांच्या गणिती उपपत्तीसाठी पारितोषिक जाहीर झाले. फ्रेंच गणितज्ञ सोफी जेरमँ हिने तीनदा प्रबंध पाठवले आणि १८१६ मध्ये ते मिळवले. तिच्या विवेचनात दोष होते. मोकळ्या कडांसाठीच्या अटी किर्खहोफने १८५० मध्ये नीट मांडल्या, तर मोकळ्या चौरस पट्टिकेचे समाधानकारक आसन्न (जवळपासचे उत्तर देणारे) गणित व्हाल्टर रिट्झने १९०९ मध्ये केले. गजाने सहज उमटणारी आकृती कागदावर यायला अशी शंभरावर वर्षे लागली.

बारीक भुकटीचे वर्तन वाळूच्या उलट असते. ती प्रस्पंदांवर, म्हणजे सर्वाधिक हलणाऱ्या जागी, ढीग करते. फ्रेंच भौतिकीविज्ञ साव्हारने याचे कारण पट्टिकेच्या दुय्यम कंपनांत शोधले. फॅराडेने १८३१ मध्ये हवेच्या सूक्ष्म प्रवाहांचे कारण दाखवले. हवा विरळ केल्यावर भुकटीही वाळूसारखी निस्पंदांकडे जाते, हा त्याचा निर्णायक पुरावा.

उपयोग : चं. वें. रामन यांनी १९३४ मधील निबंधात मृदंग-तबल्याच्या पडद्याची कंपने वाळूच्या आकृत्यांनी दाखवली. शाईमुळे पडद्याचे अधिस्वर (मूळ स्वराबरोबर उमटणारे चढे स्वर) एरवीसारखे विस्कळित न राहता मूळ स्वराच्या पूर्ण पटीत येतात, हा त्यांचा निष्कर्ष. व्हायोलिनची सुटी फळी तासताना तिच्यावर भुकटी टाकून आकृती पाहण्याची रीत कार्लीन हचिन्स यांच्या १९८१ च्या लेखामुळे विशेष प्रसिद्ध झाली. त्यांच्या मांडणीत दुसरी व पाचवी आकृती (इंग्रजी एक्ससारखी आणि कड्यासारखी) निर्णायक ठरतात. चांगली फळी निव्वळ एवढ्यावर ओळखता येते का, याविषयी कारागिरांत एकमत नाही.

कलाक्षेत्रात मार्गारेट वॉट्स ह्यूज या वेल्श गायिकेने १८८५ च्या सुमारास नळीत गाऊन रबरी पडद्यावर आकृत्या उमटवल्या. पुढे ओल्या रंगांत तिने फुलांसारखी चित्रे मिळवली. स्विस वैद्य हान्स येन्नी यांनी १९६७ पासून द्रव, भुकटी व लगदा यांवरील छायाचित्रे ‘सायमॅटिक्स’ या नावाखाली प्रसिद्ध केली. ती देखणी आहेत. या आकृत्यांच्या आधारे ध्वनीच्या रोगनिवारक शक्तीविषयी केल्या जाणाऱ्या विधानांना मात्र त्यांतून आधार मिळत नाही. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये एकाच पट्टिकेवर क्रमाने निरनिराळे स्वर वाजवून सुटे छोटे तुकडे हव्या त्या मार्गाने सरकवून दाखवले.